दोनदा मोजलेला राजा

बावन्न पत्त्यांचा कॅट नीट पिसला आणि त्यातून एक पत्ता उचलला. तो बदामाचा असण्याची शक्यता ५२ पैकी १३. तो राजा असण्याची शक्यता ५२ पैकी ४. मग तो बदाम किंवा राजा यांपैकी काहीतरी असण्याची शक्यता किती? तेरा आणि चार सतरा, म्हणून ५२ पैकी १७, हे उत्तर चटकन ओठांवर येते. पण सगळे पत्ते उलगडून त्यातले बदाम आणि राजे बाजूला काढले, तर हातात सोळाच पत्ते येतात. बदामाचा राजा बदामांच्या मोजणीत एकदा आला आणि राजांच्या मोजणीत पुन्हा आला. पत्ता एक, नोंदी दोन. एक नोंद वजा केली की हिशेब जुळतो: १३ + ४ − १ = १६.

संभाव्यतेतला बेरजेचा नियम एवढाच आहे. ‘अ किंवा ब’ घडण्याची शक्यता काढायची तर अ ची शक्यता आणि ब ची शक्यता यांची बेरीज करायची आणि दोन्ही एकदम घडण्याची शक्यता त्यातून वजा करायची. इथे ‘किंवा’ म्हणजे हे, ते किंवा दोन्ही. नववीच्या वर्गात संचांच्या धड्यात हाच नियम दोन एकमेकांत शिरलेल्या वर्तुळांची आकृती काढून शिकवतात. बहुतेकांच्या मनात ती आकृती राहते, पण तिचा उपयोग परीक्षेबरोबर संपतो. मला ही मोठी हानी वाटते, कारण त्या दोन वर्तुळांच्या मधल्या फाकीत काय आहे हे न पाहता केलेल्या बेरजांनी भल्याभल्यांना चकवले आहे, आणि आजही रक्ताच्या रिपोर्टपासून हवामानाच्या अंदाजापर्यंत त्या चकवतात.

वर्तुळे एकमेकांना शिवतच नसतील तर प्रश्न मिटला. पत्ता बदाम किंवा किलवर असण्याची शक्यता सरळ १३ अधिक १३, म्हणजे ५२ पैकी २६. एकच पत्ता दोन्ही असू शकत नाही. अशा घटनांना परस्पर अपवर्जी म्हणतात. आंद्रेई कोल्मोगोरोव या रशियन गणितज्ञाने १९३३ साली संभाव्यतेच्या शास्त्राला पक्का पाया घातला, तेव्हा त्याने गृहीत धरलेल्या मोजक्या गोष्टींत बेरजेची गोष्ट फक्त एवढीच होती: परस्पर अपवर्जी घटनांच्या शक्यता मिळवता येतात. वजाबाकी त्याने वेगळी मागून घेतली नाही. ती आपोआप निघते. ‘बदाम किंवा राजा’ या पत्त्यांचे आधी न शिवणारे ढीग करा: तेरा बदाम हा एक ढीग आणि बदामाखेरीज उरलेले तीन राजे हा दुसरा. तेरा अधिक तीन सोळा. नियमातली वजाबाकी म्हणजे हे ढीग नीट वेगळे न करता केलेल्या बेरजेची दुरुस्ती आहे.

ही दुरुस्ती राहून गेली की काय होते, याचे जुने उदाहरण जिरोलामो कार्दानोचे. सोळाव्या शतकातला इटलीतला हा नामांकित वैद्य, बीजगणितातला मोठा माणूस आणि पक्का जुगारी. फाशांच्या आणि पत्त्यांच्या खेळांवर त्याने लिहिलेले पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर पुष्कळ काळाने, १६६३ साली छापले गेले. त्यात एके ठिकाणी त्याचा विचार असा चालतो: फाशाला सहा बाजू, म्हणून तीन वेळा फासा टाकला की आपल्याला हवे ते दान पडण्याची शक्यता निम्मी. एक षष्ठांश अधिक एक षष्ठांश अधिक एक षष्ठांश. ऐकायला रास्त वाटते. पण याच हिशेबाने सहा वेळा फासा टाकला तर सहाचे दान पडलेच पाहिजे, आणि सात वेळा टाकला तर शक्यता एकाच्याही वर जाते. ज्याने कधी सारीपाट किंवा सापशिडी खेळली आहे त्याला ठाऊक असते की सहा हवा असताना दहा-दहा वेळा फासा टाकूनही तो पडत नाही.

चूक कुठे झाली ते त्या फाकीत दिसते. पहिल्या खेपेला सहा आणि दुसऱ्या खेपेला सहा या घटना परस्पर अपवर्जी नाहीत, दोन्ही खेपांना सहा पडू शकतो. म्हणून तीन खेपांचा खरा हिशेब असा करावा लागतो. आधी तीन षष्ठांश घ्या, म्हणजे २१६ पैकी १०८. मग पहिली-दुसरी, पहिली-तिसरी आणि दुसरी-तिसरी अशा तीन जोड्यांतले सामाईक भाग वजा करा: प्रत्येकी ३६ पैकी १, म्हणजे एकूण २१६ पैकी १८. पण या वजाबाकीत थोडा अतिरेक झाला. तिन्ही खेपांना सहा पडण्याचा जो एक प्रकार, तो बेरजेत तीन वेळा आला होता आणि वजाबाकीत तीनही वेळा गेला. म्हणजे तो यादीतून पुसलाच गेला. म्हणून तो एक परत मिळवायचा. १०८ − १८ + १ = ९१. शक्यता २१६ पैकी ९१, सुमारे ४२ टक्के. कार्दानोच्या निम्म्याहून बरीच कमी.

या आधी घ्या, मग वगळा, मग पुन्हा घ्या अशा रीतीला समावेश-अपवर्जनाचे तत्त्व म्हणतात. घटना चार असतील तर चौकड्यांपर्यंत जायचे, दहा असतील तर दहापर्यंत, आणि दर पायरीला चिन्ह बदलायचे. अर्थात फाशाच्या बाबतीत जवळची वाट आहे. ‘निदान एकदा सहा’ याच्या उलट घटना म्हणजे ‘एकदाही सहा नाही’, आणि तिची शक्यता तीन खेपांना पाच षष्ठांश गुणिले पाच षष्ठांश गुणिले पाच षष्ठांश, म्हणजे २१६ पैकी १२५. ती एकातून वजा केली की तेच ९१ हाती येतात. खेपा एकमेकींपासून स्वतंत्र असतील तेव्हा ही वाट उत्तम. स्वतंत्र नसतील तेव्हा ती बंद होते, आणि मग त्या फाकी एकेक करून मोजण्यावाचून गत्यंतर नसते.

फ्रान्समध्ये १६५४ साली शव्हालिये द मेरे नावाच्या गृहस्थाला फाशांनीच दुसरे कोडे घातले. एक फासा चार वेळा टाकून निदान एकदा सहा पडेल अशी पैज घेणे फायद्याचे होते. मग दोन फासे एकदम टाकून दोन्हींवर सहा पडण्याची पैज किती खेपांना घ्यावी? एका फाशाचे प्रकार सहा, दोन फाशांचे छत्तीस. सहाला चार, तर छत्तीसला चोवीस. पण चोवीस खेपांची पैज तोट्याची निघते. ब्लेझ पास्कालने २९ जुलै १६५४ च्या पत्रात पिएर द फर्माला ही हकीकत कळवली. उलट घटनेच्या वाटेने गेले तर उत्तरे अशी येतात: चार खेपांना एक सहा पडण्याची शक्यता ५१.८ टक्के, चोवीस खेपांना दोन सहा एकदम पडण्याची ४९.१ टक्के. प्रमाण तंतोतंत राखूनही एक पैज निम्म्याच्या वर आणि दुसरी निम्म्याच्या खाली का जाते, हे कळायला थोडे पुढे जावे लागेल.

पुढची पायरी पिएर रेमों द मोंमोर याची. हा फ्रेंच सरदार घराण्यातला, पण गणिताला वाहून घेतलेला. १७०८ साली त्याने जुगाराच्या खेळांचे विश्लेषण करणारे पुस्तक छापले. त्यात ‘त्रेझ’ म्हणजे ‘तेरा’ नावाचा खेळ आहे. मूळ खेळ बावन्न पत्त्यांचा आणि गुंतागुंतीचा, पण मोंमोरने त्याचे सार काढले ते असे. एक्क्यापासून राजापर्यंत एकाच रंगाचे तेरा पत्ते पिसून पालथे ठेवा. ‘एक’ म्हणा आणि वरचा पत्ता उलटा, ‘दोन’ म्हणा आणि पुढचा उलटा, असे तेरापर्यंत जा. तोंडाने म्हटलेला आकडा आणि उलटलेला पत्ता एकदा तरी जुळला तर तुम्ही जिंकलात. जिंकण्याची शक्यता किती?

हा प्रश्न मला बेरजेच्या नियमाची खरी कसोटी वाटतो. पहिला पत्ता एक्का असण्याची शक्यता १३ पैकी १. दुसरा पत्ता दुर्री असण्याचीही १३ पैकी १. तेराही जागांचे तेच. नुसती बेरीज केली तर तेरा तेरांश, म्हणजे पूर्ण एक, म्हणजे विजय निश्चित! तसे तर नाहीच, कारण सगळे पत्ते चुकीच्या जागी पडणे सहज शक्य आहे. आणि इथे उलट घटनेची सोपी वाट चालत नाही. एक पत्ता कुठे पडला याचा परिणाम बाकीच्यांवर होतो, त्यामुळे ‘एकही जुळला नाही’ याची शक्यता नुसत्या गुणाकाराने मिळत नाही.

म्हणून फाकी मोजू. तेरा जागांतून दोन जागांच्या जोड्या ७८ होतात. ठरलेल्या दोन जागा एकदम जुळण्याची शक्यता १३ पैकी १ गुणिले १२ पैकी १, म्हणजे १५६ पैकी १. अठ्ठ्याहत्तर भागिले एकशे छप्पन्न, बरोबर एक द्वितीयांश. हे वजा करायचे. तीन-तीन जागांचे गट २८६, प्रत्येकाची शक्यता १७१६ पैकी १, म्हणून एकूण एक षष्ठांश. हे मिळवायचे. पुढचा तुकडा एक चोविसांश, त्याच्या पुढचा एकशेविसांश. पायरीगणिक छेद दोनाने, तिनाने, चाराने, पाचाने गुणला जातो. तेरा हा आकडा हिशेबातून नाहीसाच झाला! उत्तर एकापासून सुरू होते, अर्ध्यावर घसरते, ०.६६७ वर चढते, ०.६२५ वर येते, ०.६३३ वर जाते आणि हेलकावे कमी होत होत ०.६३२ वर स्थिरावते. म्हणून तेरा पत्त्यांऐवजी तेराशे पत्ते घेतले तरी जिंकण्याची शक्यता जवळपास तेवढीच राहते, ६३.२ टक्के. चक्रवाढीच्या आणि लॉगॅरिदमच्या गणितात भेटणारी २.७१८ ही संख्या इथे अचानक डोकावते: एकाला तिने भागून आलेला भागाकार एकातून वजा केला की हीच ०.६३२. मोंमोरच्या पुस्तकाची दुसरी आवृत्ती १७१३ साली निघाली, तिच्यात निकोलस बर्नुलीशी झालेला त्याचा पत्रव्यवहारही आहे. लंडनला स्थायिक झालेल्या आब्राम द मुआव्रने पाच वर्षांनी आपल्या ग्रंथात हा प्रश्न आणखी व्यापक करून मांडला.

पण मला अधिक मोलाचे वाटते ते त्या पहिल्या, चुकलेल्या बेरजेचे उत्तर. तेरा तेरांश म्हणजे एक. ते शक्यता म्हणून चूक आहे, पण निरर्थक नाही. हा खेळ पुन्हा पुन्हा खेळत राहिलात आणि दर डावात किती पत्ते जुळले ते लिहीत गेलात, तर सरासरी एक येते. कधी एकही जुळत नाही, कधी एक, कधी दोन-तीन, पण सरासरी एकच. शक्यतांची निव्वळ बेरीज नेहमी हेच सांगते: यातल्या किती घटना सरासरीने घडतील. घटना एकमेकींत कितीही गुंतलेल्या असोत, हे विधान कधी खोटे ठरत नाही. ‘निदान एक घडेल का’ हा मात्र वेगळा प्रश्न आहे. त्याचे उत्तर त्या सरासरीतल्या घटना कशा विखुरल्या आहेत, की घोळक्याने येतात, यावर ठरते.

आता द मेरेचे कोडे सुटते. चार खेपा भागिले सहा म्हणजे दोन तृतीयांश. चोवीस भागिले छत्तीस म्हणजेही दोन तृतीयांश. यशांची सरासरी दोन्ही पैजांत खरोखरच सारखी आहे, द मेरेच्या प्रमाणात तेवढे सत्य होते. फरक पुनरावृत्तीत आहे. चार खेपांत दोन किंवा अधिक वेळा सहा पडण्याची शक्यता १३.२ टक्के, तर चोवीस खेपांत दोन सहांची जोडी दोन किंवा अधिक वेळा पडण्याची १४.३ टक्के. पैज एकाच यशाने जिंकता येते, दुसरे आणि तिसरे यश वाया जाते. चोवीस खेपांच्या पैजेत अशी वाया जाणारी यशे थोडी जास्त आहेत, म्हणून निदान एक यश मिळणारे डाव थोडे कमी.

फाशाच्या खेपा एकमेकींना ओळखत नाहीत, म्हणून तिथली फाक नेमकी मोजता येते. निसर्गात तसे नसते. शुक्रवारी संध्याकाळी मोबाइलवरचे अ‍ॅप सांगते: शनिवारी पावसाची शक्यता ५० टक्के, रविवारी ५० टक्के. शनिवार-रविवारी कोकणात जायचे आहे, तर दोनपैकी एका तरी दिवशी भिजण्याची शक्यता किती? शंभर टक्के म्हणणारे भेटतात आणि पन्नासच म्हणणारेही. दोन दिवस एकमेकांपासून स्वतंत्र असतील तर ५० + ५० − २५, म्हणजे ७५ टक्के. पण पाऊस दिवसांची सरहद्द पाळत नाही. बंगालच्या उपसागरात तयार झालेला कमी दाबाचा पट्टा विदर्भावरून पश्चिमेकडे सरकतो तेव्हा तो दोन-तीन दिवस पाऊस देतो, आणि न आला तर दोन्ही दिवस कोरडे जाऊ शकतात. अशा वेळी सामाईक भाग २५ च्या बराच वर असतो आणि ‘निदान एक दिवस’ची शक्यता ५० च्या दिशेने खाली येते. अ‍ॅपने दिलेल्या दोन आकड्यांत ही माहिती नसतेच. त्या दोन आकड्यांवरून खात्रीने एवढेच म्हणता येते की उत्तर ५० आणि १०० यांच्या मध्ये कुठेतरी आहे.

‘एवढेच म्हणता येते’ हे वाक्य मी कमीपणाने लिहीत नाही. सामाईक भाग ठाऊक नसताना उत्तर कोणत्या दोन कुंपणांमध्ये असलेच पाहिजे, हे शोधणे हे जॉर्ज बूलचे काम. आयर्लंडमधल्या कॉर्कला प्राध्यापक असताना १८५४ साली त्याने विचारांच्या नियमांवरचा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याचा तर्कशास्त्राचा भाग जगभर गाजला आणि पुढे संगणकाच्या मुळाशी गेला. संभाव्यतेचा भाग त्यामानाने झाकला गेला. बूलच्या नावाने ओळखली जाणारी असमानता सांगते: अनेक घटनांपैकी निदान एक घडण्याची शक्यता त्यांच्या शक्यतांच्या बेरजेपेक्षा जास्त कधीही नसते. घटना एकमेकींशी कशाही बांधलेल्या असोत. कार्दानोने उत्तर म्हणून घेतलेली बेरीज इथे उत्तराची वरची हद्द होते. पुलाला धोका पोचवणाऱ्या दहा गोष्टी असतील आणि त्यांचे परस्परसंबंध आपल्याला माहीत नसतील, तर प्रत्येकीची शक्यता दहा हजारांत एक या मर्यादेत ठेवली की एकूण धोका हजारात एकाच्या वर जाणार नाही. हे सांगायला आणखी काही ठाऊक असावे लागत नाही.

याचा सर्वांत जवळचा प्रत्यय घरोघरी येतो तो ‘फुल बॉडी चेकअप’च्या कागदावर. रक्ताच्या अनेक तपासण्यांपुढे जी ‘नॉर्मल रेंज’ छापलेली असते, ती बहुधा अशी ठरते: पुष्कळ निरोगी माणसांचे रक्त तपासायचे आणि मधल्या ९५ टक्के माणसांचे आकडे ज्या पट्ट्यात बसतात तो पट्टा नॉर्मल म्हणायचा. म्हणजे उरलेली पाच टक्के माणसे निरोगी असूनही पट्ट्याबाहेर पडणार, हे व्याख्येतच आहे. (उपाशीपोटीची साखर आणि कोलेस्टेरॉल यांच्या मर्यादा वेगळ्या रीतीने, आजाराच्या धोक्यावरून ठरतात, त्यांना हे लागू नाही.) आता अशा वीस तपासण्या एकदम केल्या. वीस गुणिले पाच टक्के म्हणजे एक. पूर्ण निरोगी माणसाच्या रिपोर्टमध्ये सरासरीने एक आकडा ठळक अक्षरांत, ‘हाय’ किंवा ‘लो’ असा शेरा घेऊन येणार. तपासण्या स्वतंत्र असत्या तर निदान एक शेरा येण्याची शक्यता ६४ टक्के झाली असती. मोंमोरच्या ६३.२ च्या इतक्या जवळ ती यावी यात नवल नाही, कारण दोन्हीकडे सरासरी एकच आहे.

प्रत्यक्षात तपासण्या स्वतंत्र नसतात. हिमोग्लोबिन आणि हिमॅटोक्रिट हातात हात घालून वर-खाली होतात, एसजीओटी आणि एसजीपीटी पुष्कळदा एकत्र वाढतात. शेरे घोळक्याने येतात, म्हणून निदान एक शेरा असलेल्या रिपोर्टांचे प्रमाण ६४ टक्क्यांच्या खाली राहते. पण सरासरी एकच राहते, तिला कोणी हलवू शकत नाही. ज्या आईला किंवा काकांना तो एक ठळक आकडा पाहून रात्री झोप लागत नाही, त्यांना हे कोणीतरी सांगितले पाहिजे. डॉक्टर लक्षणे पाहतो, मागचे रिपोर्ट पाहतो, आकडा पट्ट्याच्या किती बाहेर आहे ते पाहतो. तपासण्या जितक्या जास्त, तितके असे शेरे जास्त, आणि जाहिरातीत ‘ऐंशी तपासण्या एकाच किमतीत’ असे छापलेले असेल तर निरोगी माणसालाही सरासरी चार शेऱ्यांची तयारी ठेवावी लागेल, निदान ज्या तपासण्यांचे पट्टे वरच्या रीतीने ठरतात त्यांच्यापुरती.

संशोधकांनी यावर जो उपाय काढला तो बूलच्या असमानतेतूनच येतो आणि कार्लो बोनफेरोनी या इटालियन गणितज्ञाच्या नावाने ओळखला जातो. असमानतांवरचे त्याचे काम १९३६ चे. वीस कसोट्या घ्यायच्या आणि सगळ्या मिळून खोटा इशारा मिळण्याची शक्यता पाच टक्क्यांच्या आत ठेवायची, तर प्रत्येक कसोटीला पाच टक्क्यांऐवजी पाव टक्का एवढीच सूट द्यायची. आनुवंशिकतेच्या अभ्यासात हा उपाय टोकाला जातो. मधुमेहासारख्या आजाराचे धागे शोधताना माणसाच्या जनुकसंचातल्या लाखो जागा एकाच वेळी तपासतात. दहा लाख कसोट्यांना पाच टक्के सूट दिली तर काहीच संबंध नसताना सरासरी पन्नास हजार खोटे शोध लागतील. म्हणून पाच टक्के भागिले दहा लाख: योगायोगाने तसा निकाल येण्याची शक्यता दोन कोटींत एकापेक्षा कमी असेल, तरच तो शोध मानायचा. ही कठोरता फुकट मिळत नाही. खरे पण दुबळे संबंध या चाळणीत अडकत नाहीत, म्हणून असे अभ्यास करायला हजारो, कधी लाखो माणसांचे नमुने लागतात.

त्या दहा लाखांचाही एक हिशेब आहे. तपासता येण्याजोग्या जागा त्याहून कितीतरी जास्त आहेत, पण शेजारशेजारच्या जागा पिढ्यान् पिढ्या जोडीने वारशात येतात, त्यांचे निकाल एकमेकांवर पडतात. हे सामाईक भाग वगळले की युरोपीय वंशाच्या लोकांत सुमारे दहा लाख स्वतंत्र कसोट्या उरतात. आफ्रिकी वंशाच्या लोकांत हे जोड अधिक तुटलेले असतात, कारण तिथली मानवी वस्ती सर्वांत जुनी आणि तिच्यातली विविधता सर्वांत मोठी. त्यामुळे तिथे स्वतंत्र कसोट्या जास्त भरतात आणि दोन कोटींत एक ही मर्यादाही सैल ठरते; ती आणखी कडक करावी लागते.